बीडीएल म्हणजे 'नाही' नव्हे

मे महिन्यातली दुपार होती. नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी तेव्हा नमुने स्वीकारायच्या खिडकीवर बसत असे. एका कारखान्याचा पोरगा स्कूटरवरून आला, डिकी उघडली आणि थंड पेयाची दोन लिटरची बाटली काउंटरवर आणून ठेवली. आत मातकट पिवळा गाळ, तोही निम्म्यापर्यंतच. चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं, 'स्पेंट सॉल्व्हंट स्लज', म्हणजे वापरून झालेल्या विद्रावकाचा गाळ. उन्हातून आलेली बाटली टम्म फुगली होती. झाकण जरा सैल केलं तर फुस्स झालं आणि गोडसर, डोळ्यांच्या मागे जाऊन बसणारा दर्प खोलीभर पसरला. पोरगा म्हणाला, "मॅडम, रिपोर्ट शुक्रवारपर्यंत द्याच. साहेबांचं कन्सेंट अडलंय." कन्सेंट म्हणजे कारखाना चालवायला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र.

रिपोर्ट शुक्रवारी गेला. बेंझिन, बीडीएल, म्हणजे यंत्राला दिसेल इतकं नाही. क्लोरोफॉर्म, बीडीएल. ट्रायक्लोरोइथिलीन, बीडीएल. खाली सही माझी.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. जीसी-एमएस, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून एकेक ओळखणारं, हे फार गुणी यंत्र आहे. त्याच्यापुढे जे ठेवलं ते त्याने इमानदारीने मोजलं. पण मोजायचं होतं ते फुस्स. ते काही काउंटरवर उडून गेलं, काही डिकीत, आणि बरंचसं त्याच्याही आधी, कारखान्यातल्या उघड्या ड्रममधून. माझ्या हाती आला तो उरलेला चिखल. त्यात बेंझिन नव्हतं हे मी छातीठोक सांगू शकते. ड्रममध्ये होतं की नव्हतं, ते त्या कागदावरून कोणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. त्यानंतर मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या तीन प्रयोगशाळांत काम केलं आणि माझं मत दरवर्षी थोडं थोडं पक्कं होत गेलं. उडून जाणाऱ्या रसायनांचा आकडा यंत्रावर ठरत नाही, तो बाटली भरताना ठरतो. आणि आपली संमतीपत्रं, नोटिसा, तपासण्या यंत्राची चौकशी करतात. बाटलीची करत नाहीत.

आधी या बीडीएलचं बघू. बिलो डिटेक्शन लिमिट, म्हणजे शोधमर्यादेच्या खाली. फळवाल्याच्या तराजूत मोहरीचा दाणा टाकला तर काटा हलत नाही, म्हणून दाणा नाहीच असं कोणी म्हणत नाही. रिपोर्टातल्या बीडीएलचा अर्थ मात्र कारखान्याच्या मॅनेजरपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे 'नाही' असाच घेतात. त्यात आणखी एक मेख आहे. सॉल्व्हंटने माखलेला गाळ जसाच्या तसा यंत्रात घातला तर आतली नळी, म्हणजे कॉलम, खराब होतो आणि दोन दिवस मशीन साफ करत बसावं लागतं. म्हणून केमिस्ट नमुना पातळ करतो, कधी शंभरपट, कधी हजारपट. त्यात गैर काही नाही. पण हजारपट पातळ केलं की शोधमर्यादाही हजारपट वर चढते. एका लिटरमधला एक मायक्रोग्रॅम ओळखणारं यंत्र आता एक मिलिग्रॅमच्या खालचं काही पाहत नाही. घातक कचऱ्याच्या नियमांत बेंझिनची रेषा आहे लिटरला ०.५ मिलिग्रॅम. कायद्याची रेषाच यंत्राच्या नजरेखाली गेली, तरी कागदावर छापून येतं बीडीएल. शेजारी शोधमर्यादेचा आकडा आणि किती पातळ केलं ते लिहिलेलं असेल तर जाणकाराला कळतं. बहुतेक कागदांवर मी ते पाहिलेलं नाही.

व्हीओसी, म्हणजे बाष्पनशील सेंद्रिय संयुगं, हे नाव भारदस्त असलं तरी वस्तू रोजच्या आहेत: थिनर, नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन, पेट्रोलचा वास. औषधं आणि रंग बनवणाऱ्या कारखान्यांत त्या टनांनी लागतात. त्यातलं डायक्लोरोमिथेन घ्या, कामगारांच्या भाषेत एमडीसी. ते ४० अंशांना उकळतं. ॲसिटोन ५६, मिथेनॉल ६५, बेंझिन ८०, टोल्यूइन १११. आता मे महिन्यात महाप्याच्या एखाद्या शेडमागे पत्र्याला टेकून उभा केलेला निळा ड्रम डोळ्यांसमोर आणा, बूच अर्धवट लावलेलं. प्लास्टिक हाताला चटका देतं. आत एमडीसीचा गाळ आहे. हा ड्रम म्हणजे चुलीवर मंद आचेवर ठेवलेलं पातेलंच, आणि नियमानुसार तो असा ९० दिवसांपर्यंत आवारात ठेवता येतो. नव्वदाव्या दिवशी तो मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याची पावती, भरून उचलला जातो तेव्हा गाळाचं वजन होतं. मधल्या दिवसांत जे वर गेलं त्याचं वजन करणारा काटा आवारात कुठेच नसतो.

ते जातं कुठे, याची नोंद माझ्या घरी आहे.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. स्वयंपाकघरात टांगलेल्या कॅलेंडरवर सासूबाई दुधाचा हिशोब ठेवतात, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितात, आणि काही वर्षांपासून तिसरी एक नोंद करतात. ज्या रात्री वास येतो त्या तारखेच्या चौकोनात 'वा' आणि वेळ. "अगं, आला बघ परत, ती खिडकी लाव," असं म्हणत म्हणतच त्या पेन शोधतात. एकदा मी बसून त्या नोंदी उतरवून काढल्या. जवळजवळ सगळ्या रात्री दहानंतरच्या, नाहीतर पहाटेच्या, आणि बहुतेक दिवाळीनंतरच्या महिन्यांतल्या.

यात गूढ काही नाही. पूर्वेला पारसिकचे डोंगर, पश्चिमेला खाडी. डोंगराच्या पायथ्याशी एमआयडीसीचा पट्टा, मग ठाणे-बेलापूर रस्ता आणि रेल्वेरूळ, आणि रूळ ओलांडले की घणसोली, कोपरखैरणे, वाशी. दिवसा वारा खाडीकडून डोंगराकडे वाहतो आणि कारखान्यांची हवा आमच्यापासून दूर नेतो. रात्री जमीन निवली की वारा उलटा फिरतो. थंडीच्या रात्री जमिनीलगतची गार हवा झाकणासारखी बसून राहते, वर उचललीच जात नाही. म्हणजे कोणी मुद्दाम रात्री व्हेंट सोडतं हा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा संशय काही वेळा खरा असेलही, पण त्याची गरज नाही. चोवीस तास सारखंच सोडलं तरी आमच्या वाट्याला ते रात्रीच येणार. आणि तपासणीला माणूस येतो सकाळी अकराला.

तक्रार केली की उत्तर हवेच्या निर्देशांकाचं येतं, 'समाधानकारक' किंवा 'मध्यम'. तो आकडा खोटा नसतो. फक्त त्यात हा प्रश्नच नसतो. २०१४ पासून आपण जो एक्यूआय पाहतो त्यात आठ घटक धरलेले आहेत: दोन आकारांची धूळ, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया, शिसं. सॉल्व्हंटची वाफ त्यात नाही. २००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांत बारा घटक आहेत. त्यात बेंझिन आहे, घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, आणि तीही वर्षाची सरासरी. टोल्यूइन नाही, एमडीसी नाही. ज्या वर्षी ही मानकं आली त्याच २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात नवी मुंबईला ७३.७७ आणि शेजारच्या डोंबिवलीला ७८.४१ गुण पडले होते. ७० च्या वर अतिप्रदूषित. तेव्हा बरीच धावपळ झाली. राज्याच्या मंडळाने २०१७ पासून कारखान्यांना तारेही द्यायला सुरुवात केली, एक ते पाच. तेही धुराड्यातल्या धुळीवरून. धूळ मोजू नये असं मी म्हणत नाही, पण ज्या पट्ट्यात औषधं, रंग आणि रसायनं बनतात तिथे धुळीवरून शहाणपण ठरवणं म्हणजे मासळीबाजारात जाऊन कांद्याचा भाव विचारणं आहे.

नाकावरही फार विसंबू नये, हे मी सासूबाईंनाही सांगते. गंधकाची काही संयुगं इतक्या किंचित प्रमाणात घाण वास देतात की जीव गुदमरतो, पण अपाय तेवढा नसतो. एमडीसीचं उलटं आहे. त्याचा सौम्य गोड वास जाणवेपर्यंत हवेत त्याचं प्रमाण शेकडो पीपीएमला, म्हणजे दहा लाखांत शेकडो भागांना, पोचलेलं असतं, आणि शरीरात गेलं की त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणून मोजमाप हवंच. पण कसलं?

कायद्याची चौकट तशी कच्ची नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत पहिलं परिशिष्ट प्रक्रियांचं आहे. अमुक प्रक्रियेतून आलेला कचरा घातक समजायचा. वापरून झालेले सॉल्व्हंट, त्यांच्या ऊर्ध्वपातनाचा गाळ, रंगाच्या कारखान्यातले अवशेष सगळे त्यात आहेत. दुसरं परिशिष्ट आकड्यांचं, कुठलं द्रव्य किती असलं की घातक. आणि पहिल्याच्या शेवटी एक छोटी टीप आहे: कचरा या यादीत असला तरी तो घातक नाही हे दुसऱ्या परिशिष्टाच्या आधारे दाखवून देता येईल. टीप न्यायाची आहे. यादी ढोबळ असते, एखाद्याचा गाळ खरंच निरुपद्रवी असू शकतो. पण व्यवहारात तो दरवाजा आहे आणि त्याची किल्ली म्हणजे प्रयोगशाळेचा बीडीएल. किल्ली चालली की तोच ड्रम महागड्या विल्हेवाटीच्या रांगेतून बाहेर पडतो.

तो आकडा काढायची पद्धतही नियमांनी सांगितली आहे, अमेरिकेची टीसीएलपी. कचरा उकिरड्यात पडला आणि त्यातून पाणी झिरपलं तर काय काय सुटेल, याची ही नक्कल. धातूंसाठी सोपं आहे. बाटलीत कचरा, वीसपट आम्लधर्मी द्रावण, १८ तास गरगर फिरवायचं, गाळायचं, मोजायचं. उडणाऱ्या द्रव्यांसाठी मात्र साधी बाटली चालत नाही. त्यासाठी स्टीलचं एक नळकांडं लागतं, आत पिस्टन. नमुना घातला की पिस्टन वर सरकवून आतली हवा पूर्ण काढून टाकतात, म्हणजे वाफेला जमायला जागाच उरत नाही. गाळणंही त्याच्या आतच होतं. मी हे नळकांडं असलेल्या प्रयोगशाळेतही काम केलं आणि नसलेल्याही. नसलेल्या प्रयोगशाळेचे रिपोर्ट नेहमी स्वच्छ यायचे.

आणि नळकांडं तरी काय करणार, नमुनाच थंड पेयाच्या बाटलीतून आला असेल तर? पाण्याच्या नमुन्याची शिस्त अशी आहे: ४० मिलिलिटरची काचेची कुपी, टेफ्लॉनच्या चकतीचं झाकण, काठोकाठ भरायची. झाकण लावून उलटी करायची, टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला तर ती कुपी बाद, दुसरी भरायची. मग चार अंशांना, बर्फात. आम्ल घातलेलं असेल तर १४ दिवस, नसेल तर ७. गाळ असेल तर पुढचं टोक कापलेल्या सिरिंजने थेट ड्रमच्या आतून छोटा तुकडा खेचायचा आणि जागच्या जागी मिथेनॉलमध्ये बुडवायचा, उघड्यावर ढवळत बसायचं नाही. एवढंच. ठाणे स्टेशनाबाहेर बसणारी कोळीण पापलेट याच्याहून जास्त काळजीने बर्फात ठेवते. कारण भर दुपारी टोपली उघडी राहिली तर काय होतं ते तिला माहीत आहे आणि तो तोटा तिचा असतो. आपल्याकडे नमुना जितका शिळा, तितका गिऱ्हाईक खूश.

आता कोणी म्हणेल की मग तपासणी अधिकाऱ्यानेच जागेवर मोजावं, हातात धरायचे मीटर असतात. असतात, पीआयडी म्हणतात त्यांना. आत अतिनील किरणांचा दिवा. वाफेचा रेणू त्या प्रकाशात फुटला की आकडा उमटतो. बेंझिन, टोल्यूइन, ॲसिटोन याला पट्कन दिसतात. पण नेहमीचा दिवा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. मिथेनॉलला फोडायला १०.८५ लागतात, एमडीसीला ११.३, ॲसिटोनायट्राइलला १२ च्या वर. म्हणजे औषधांच्या कारखान्यात जे तीन सॉल्व्हंट पाण्यासारखे वापरले जातात तेच या मीटरला दिसत नाहीत. एका कारखान्यात माझ्या देखत अशा मीटरने एमडीसीच्या टाकीभोवती फेरी मारली गेली, शून्य पूर्णांक एक की दोन असं काहीतरी आलं, आणि तपासायला आलेले गृहस्थ मनापासून समाधानी झाले. लबाडी कोणीच करत नव्हतं. जास्त ताकदीचा ११.७ चा दिवा मिळतो, पण त्याची काच दमट हवेत लवकर खराब होते, आणि दमट हवेची आपल्याकडे टंचाई नाही.

अमेरिकेच्या घातक कचऱ्याच्या नियमांत एक कलम आहे ते मला फार शहाणपणाचं वाटतं. कचऱ्यात वजनाने सरासरी ५०० पीपीएमपेक्षा जास्त उडणारी सेंद्रिय द्रव्यं असतील तर ड्रम, टाकी, तळं यांना झाकणं आणि वाफ पकडायची सोय सक्तीची. आकडा महत्त्वाचा नाही. मोजायची जागा महत्त्वाची: कचरा जिथे जन्मतो तिथे, हवा लागण्याआधी, दुसऱ्या कशात मिसळण्याआधी. रिअॅक्टरच्या किंवा सेंट्रिफ्यूजच्या, म्हणजे गरगर फिरवून द्रव आणि माल वेगळा करणाऱ्या यंत्राच्या, तोंडाशी. तीन महिने उन्हात ठेवलेला ड्रम घेऊन यायची पळवाटच तिथे उरत नाही. आपली दुसऱ्या परिशिष्टाची चाचणी विचारते की या कचऱ्यातून पाण्यात काय झिरपेल. हवेत काय गेलं हे विचारायची पद्धतशीर सोय तिच्यात नाही. तेल शुद्धीकरण आणि पेट्रोकेमिकलच्या मोठ्या प्रकल्पांना गळती शोधून दुरुस्त करायचे नियम आपल्याकडेही आहेत. पण पावण्याच्या किंवा रबाळ्याच्या गल्लीतल्या, दोन रिअॅक्टर आणि एक सेंट्रिफ्यूज असलेल्या युनिटपर्यंत ती शिस्त पोचलेली मी पाहिली नाही.

प्रयोगशाळांच्या रिपोर्टावर अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: 'नमुना आम्ही घेतलेला नाही, निष्कर्ष आमच्याकडे आलेल्या नमुन्यापुरतेच लागू.' आयएसओ १७०२५ या मानकानुसार ती लिहावीच लागते. सबंध कागदावर तेवढीच ओळ मला निर्विवाद खरी वाटत आली आहे. संमतीपत्रासाठी येणारा प्रत्येक असा रिपोर्ट मंडळाने या एका ओळीवरून परत पाठवावा. उडणाऱ्या द्रव्यांचा नमुना प्रयोगशाळेच्याच माणसाने, कचरा जिथे निघतो तिथे, कुपीत घेतलेला हवा. वेळ, तापमान आणि बर्फाची नोंद सोबत हवी. आणि बीडीएलच्या शेजारी शोधमर्यादा आणि कायद्याची मर्यादा एकमेकींना लागून छापलेल्या हव्यात. यासाठी संसदेत जावं लागत नाही, संमतीपत्राची एक अट पुरते.

तरी एक अडचण राहते आणि ती रसायनशास्त्राची नाही. प्रयोगशाळा कोणी निवडायची? आज कारखाना निवडतो, तोच पैसे देतो, आणि रिपोर्ट आवडला नाही तर पुढच्या वर्षी रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत जातो. पहिल्या गोष्टीतली बाटली मी परत का पाठवली नाही असं कोणी विचारलं तर उत्तर हेच आहे. त्या महिन्यात आमच्या पगाराला आधीच उशीर झाला होता.

यावर आपल्याच शेजारी प्रयोग झालेला आहे. गुजरातमध्ये १९९६ पासून, उच्च न्यायालयाच्या आदेशाने, कारखान्यांनी बाहेरच्या ऑडिटरकडून दरवर्षी तपासणी करून घ्यायची पद्धत होती. ऑडिटर कारखान्यानेच निवडायचा. एस्थर डुफ्लो, मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या मंडळाबरोबर २००९ ते २०११ या काळात काही कारखान्यांसाठी चारच गोष्टी बदलल्या. ऑडिटर चिठ्ठी टाकल्यासारखा नेमायचा, पैसे सामाईक निधीतून, फी ठरलेली, आणि काही ठिकाणी कोणीतरी मागाहून जाऊन तेच परत मोजायचं. जुन्या पद्धतीत ऑडिटरांचे आकडे मर्यादेच्या अगदी खाली, जणू कोणी रेषेला घासून ठेवल्यासारखे, गोळा झालेले दिसले. नव्या पद्धतीत 'नियमात आहे' असं खोटं सांगण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं, आणि पुढे त्या कारखान्यांचं प्रदूषणही कमी झालं. माणसं तीच, यंत्रं तीच. केंद्र सरकारच्या २०२५ च्या पर्यावरण लेखापरीक्षण नियमांत ऑडिटर अशाच यादृच्छिक पद्धतीने नेमायची सोय आली आहे. ती प्रयोगशाळांपर्यंत आणि बाटल्यांपर्यंत खाली उतरली पाहिजे. त्यातून आता जनविश्वास कायद्यानंतर पर्यावरण संरक्षण कायद्यातली कैद जाऊन दंड आला आहे, १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत. सगळा दंड आकड्यावर बसणार असेल तर आकडा कोणाच्या पैशाने आला याला पूर्वीपेक्षा जास्त अर्थ आहे.

लहान कारखानदारांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. महागाई, बँकेचा हप्ता, कन्सल्टंटची फी, त्यात हे. आणि विल्हेवाट महाग पडली की टँकर कुठे जातो तेही या जिल्ह्याने पाहिलं आहे. २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनीत रसायन ओतलं गेलं तेव्हा शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. नुसती कडक तपासणी वाढवली तर काही ड्रम नाल्याकडे वळतील, ही भीती खरी आहे. म्हणूनच मला सासूबाईंच्या कॅलेंडरची दुसरी बाजू आठवते, दुधाची. महिन्याला साठ लिटर आलं, चहाला इतकं, विरजणाला इतकं, मग उरलेलं कुठे गेलं? मांजर प्यायलं की उतू गेलं, ते नंतर बघू. आधी वजाबाकी.

युरोपात सॉल्व्हंट वापरणाऱ्या उद्योगांना १९९९ च्या निर्देशापासून अशीच वजाबाकी द्यावी लागते. वर्षात किती सॉल्व्हंट आत आलं, किती मालात गेलं, किती पुन्हा वापरलं, किती कचऱ्यात आणि पाण्यात गेलं. जे जुळत नाही ते हवेत गेलं असं धरायचं. त्यात कुपी नको, मीटर नको, रात्री अकराला कोणी नाक घेऊन उभं राहायला नको. खरेदीची बिलं जीएसटीत असतातच, ती उडून जात नाहीत.

पावण्याच्या एका मालकांसोबत मी हे एकदा करून पाहिलं. औषधातलं एक मधलं रसायन बनवतात, आठ-दहा माणसं कामाला. त्यांच्या केबिनमध्ये, डिलिव्हरी चलनाच्या पाठकोऱ्या बाजूवर. वर्षात एमडीसीचे चाळीस ड्रम आले. स्पेंट म्हणून रीसायकलरकडे सव्वीस गेले, आणि त्या सव्वीसांत सगळंच एमडीसी नव्हतं, मळही होता. मालात जवळपास काही राहत नाही. म्हणजे कमीत कमी चौदा ड्रम, दर ड्रमला अडीचशे किलो धरले तर साडेतीन टन. मालक बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. मला वाटलं पर्यावरणाचं काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "मॅडम, हे तर लाखांत गेलं हो." मग आम्ही खाली उतरलो. सेंट्रिफ्यूजचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, लावलं की माल काढायला वेळ जातो म्हणून. वाफ गार करून परत द्रव करणाऱ्या कंडेन्सरच्या पाईपला हात लावला तर कोमट. त्यात ब्राइन, म्हणजे थंड मिठाचं पाणी, सोडणारा पंप कधीपासून बंद होता ते ऑपरेटरला सांगता येईना. पुढच्या महिन्यात पंप दुरुस्त झाला, झाकणाला नवं गॅस्केट आलं. कुठल्याही नोटिशीने जे झालं नसतं ते वजाबाकीने झालं.

ही वजाबाकी मंडळाला करायची तर नवी कागदपत्रं मागवायलाही नकोत. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, फॉर्म ४, ३० जूनपर्यंत जातं. पर्यावरण विवरणपत्र, फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत. एकात कचरा किती निघाला ते, दुसऱ्यात कच्चा माल किती लागला ते. दोन्ही कागद एकाच मंडळाकडे जमा होतात. फक्त शेजारी ठेवून कोणी पाहत नाही.

मालकांनी चलनाचा तो कागद नीट घडी घालून फाइलला लावायला घेतला आणि विचारलं, हे फॉर्म पाचमध्ये कुठे लिहायचं? मी फॉर्म उघडून दाखवला. हवेत काय सोडलं याचा रकाना आहे, पण तो संमतीपत्रात नमूद केलेल्या घटकांपुरताच. त्यांच्या संमतीपत्रात धूळ होती, सल्फर डायऑक्साइड होता. एमडीसी नव्हतं. त्यांनी कागद परत खिशात ठेवला आणि फाइलला नेहमीचा रिपोर्ट लावला.